कादंबरी नकोशी वाटू लागते तेव्हा: पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका अडचणीची तपासणी

अर्धवट राहिलेल्या कादंबरीविषयीची एक तक्रार लिहिणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते आणि तिचे शब्दही जवळजवळ ठरलेले असतात. सुरुवातीला या कादंबरीने झोप उडवली होती, रात्री-अपरात्री उठून टिपणे होत होती, आंघोळीच्या वेळीही पात्रांचे संवाद डोक्यात चालू असत. आता मात्र तिची फाइल उघडायचे म्हटले तरी जिवावर येते. त्यापाठोपाठ निदानही तयार असते: विषयातच दम नव्हता, नाही तर आपल्यात नाही. मग काही दिवस खाडा पडतो, एखाद्या संध्याकाळी जुनी प्रकरणे चाळताना पुन्हा उमाळा येतो, थोडे लिहून होते, आणि गाडी नेमकी पूर्वीच्याच ठिकाणी येऊन रुतते.

ही अडचण पुन्हा पुन्हा येते, यातच तिच्यावरच्या इलाजाचा धागा आहे. एकदाच घडणारी गोष्ट योगायोगाने घडू शकते. दर खेपेला त्याच सुमारास घडणाऱ्या गोष्टीमागे मात्र शोधता येईल असे कारण असते. पुढच्या विवेचनामागची धारणा एवढीच आहे की कादंबरीवरचे प्रेम आटणे हे बहुतेक वेळा लक्षण असते, आणि मूळ बिघाड मजकुरात, त्यातही बोट ठेवून दाखवता येईल अशा एखाद्या पानावर असतो. लिहिणाऱ्यातला वाचक हा बिघाड आधी ओळखतो आणि कंटाळतो. लिहिणाऱ्यातल्या कारागिराला तो उशिरा कळतो, आणि मधल्या काळात सगळे खापर प्रेमाच्या माथी फुटते.

एक शक्यता मात्र सुरुवातीलाच वगळून घ्यावी. दुसऱ्यांची पुस्तकेही वाचवत नसतील, एरवी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत मन लागत नसेल, झोप बिघडली असेल, तर तो दोष कादंबरीचा नव्हे. तिथे आधी विश्रांती हवी, आणि हे लांबले तर डॉक्टरांचा सल्ला. प्रकरणांची फेररचना करून त्यावर काहीही साधणार नाही. इतर सगळे ठीक असून केवळ ही एकच फाइल उघडताना हात मागे येत असेल, तर पुढे वाचावे.

कंटाळा कोणत्या पानावर सुरू झाला?

तपासणीत ‘का’ हा प्रश्न नंतर विचारावा. आधी ‘कुठे’ हे ठरवावे. ‘मला कादंबरीचा कंटाळा आला आहे’ या वाक्याची शहानिशा करता येत नाही. ‘अकराव्या प्रकरणातल्या दुसऱ्या प्रसंगापासून मी ढकलत ढकलत लिहीत आलो आहे’ या वाक्याची करता येते. त्यासाठी पहिल्या पानापासून वाचायला बसू नये. पहिली प्रकरणे बहुधा अनेकदा घासूनपुसून झालेली असतात, ती वाचून खोटे समाधान मिळते आणि अडचणीच्या जागेपर्यंत पोहोचेतो उत्साह संपलेला असतो. त्याऐवजी शेवटची तीसेक पाने कागदावर छापून घ्यावीत आणि पेन्सिल घेऊन वाचावीत, मात्र मजकुरात एकही दुरुस्ती करू नये. आपली नजर जिथे जिथे ओळी गाळून पुढे सरकली, तिथे समासात फक्त एक रेघ मारावी. स्वतःचेच लिखाण गाळून वाचण्याचा मोह जिथे पहिल्यांदा झाला, तिथून आणखी पाच-दहा पाने मागे जावे. चुकीचे वळण सहसा तिथे घेतलेले सापडते. ते त्या वेळी लक्षात आलेले नसते, कारण त्या दिवशी लेखन सुरळीत झालेले असते. किंबहुना फारच सुरळीत झालेले असते, आणि ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बहुतेकांच्या बाबतीत ही जागा कादंबरीचा पहिला तृतीयांश ओलांडल्यावर आणि निम्म्याच्या आत येते. त्यात नवल नाही. लेखनाला हात घालण्यापूर्वी मनात साठलेले असतात ते सुरुवातीचे प्रसंग, मुख्य पात्रांची ओळख, एक-दोन ठळक दृश्ये आणि फार तर शेवट. हा साठा पहिल्या शे-सव्वाशे पानांत खर्ची पडतो. शेवट अजून दूर असतो आणि मधला पट्टा मनातल्या मनातही कधी पाहिलेला नसतो. शिवाय सुरुवातीच्या पानांत प्रत्येक वाक्याने शक्यता वाढत असतात, तर इथून पुढे त्या कमी होऊ लागतात: पात्राने अमुक केले, म्हणजे तमुक आता त्याला करता येणार नाही.

मार्क ट्वेनने ‘हकलबरी फिन’ १८७६च्या उन्हाळ्यात लिहायला घेतली. त्याच उन्हाळ्यात मित्राला लिहिलेल्या पत्रात, झालेला भाग आपल्याला बेताचाच आवडल्याचे आणि हस्तलिखित कदाचित जाळूनही टाकू, असे त्याने म्हटले होते. ते काम त्याने बाजूला ठेवले, मधल्या वर्षांत अधूनमधून हाती घेतले आणि १८८३मध्ये पूर्ण केले. लेखकाजवळचा साठा संपला की गोष्ट अडते आणि आपण दुसऱ्या उद्योगाला लागलो की तो हळूहळू पुन्हा भरतो, हा अनुभव त्याने आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. १८७६ सालच्या त्या पत्रावरून निकाल द्यायचा झाला असता तर तो ‘प्रेम संपले’ असाच दिला गेला असता.

प्रेम नेमके कोणत्या कादंबरीवर होते?

लिहायला बसण्यापूर्वी आपण जिच्या प्रेमात पडतो ती कादंबरी वाक्यांची बनलेली नसते. ती म्हणजे एक सूर असतो, एखाद्या बाईचे खिडकीशी उभे राहणे असते, कधी कधी तर नुसते शीर्षक असते. तिच्यात ‘तो उठला आणि दाराकडे गेला’ असली वाक्ये लिहावी लागत नाहीत, कोणाला या खोलीतून त्या खोलीत न्यावे लागत नाही, आणि तिसऱ्या प्रकरणात चाळिशीचा असलेला काका दहाव्या प्रकरणात छत्तीस वर्षांचा होत नाही. लिहिलेल्या कादंबरीत हे सगळे असते. दोन्ही एकाच नावाने ओळखल्या जात असल्यामुळे आपण एकीची तुलना दुसरीशी करत राहतो, आणि त्या तुलनेत लिहिलेली हरणारच, कारण कल्पनेतलीचे एकही पान कधी कोणी वाचलेले नसते.

म्हणूनच या अडचणीवर जो उपाय सर्वत्र सुचवला जातो तो मला उलटा वाटतो. मूळ प्रेरणा आठवा, पहिली टिपणे पुन्हा वाचा, त्या दिवसांत ऐकत होता ते संगीत लावा, असे सांगितले जाते. याने कल्पनेतली कादंबरी आणखी उजळ होते आणि टेबलावरची आणखी ओशाळवाणी दिसू लागते. जे प्रेम टिकवायचे आहे ते टेबलावरच्या कादंबरीवरचे, आणि ते तिच्यातल्याच सामग्रीवर पोसले पाहिजे. त्यासाठी एक यादी करावी. आजवरच्या पानांतून, जे आधी ठरवलेले नव्हते आणि लिहिता लिहिता आले, तेवढेच या यादीत घ्यावे. एका प्रसंगापुरता आणलेला डॉक्टर जाता जाता परत येतो आणि आपली छत्री मागतो. नायिका खोटे बोलण्याआधी दरवेळी समोरच्या माणसाचे नाव घेते, हे सहाव्या प्रकरणात लक्षात येते, आणि मागे जाऊन पाहिले तर दुसऱ्या प्रकरणातही तिने तसेच केलेले असते. अशा गोष्टींचा कल्पनेतल्या कादंबरीला पत्ताच नव्हता. त्या फक्त या कादंबरीच्या आहेत.

यादी दोन पाने भरत असेल, तर लिहिणाऱ्याच्या मनाची अवस्था काहीही असो, कादंबरी जिवंत आहे असे समजायला हरकत नाही. यादीत दोन-तीनच नोंदी निघाल्या तर तेही निदानच आहे: आराखड्याबरहुकूम रकाने भरण्याचे काम चालू होते, आणि त्या कामाचा कंटाळा येणे हे निरोगीपणाचेच लक्षण म्हणावे लागेल. अशा वेळी पुढच्या तीन प्रसंगांपुरता आराखडा बाजूला ठेवावा, पात्रांना एका खोलीत आणावे आणि त्यांपैकी एकाला अशी एखादी लहानशी वस्तू मागायला लावावी जी दुसरा देणार नाही.

सर्वांत जास्त आढळणारा बिघाड

समासातल्या रेघेपासून मागे गेल्यावर सर्वाधिक वेळा जे सापडते ते असे: कादंबरी ज्या प्रश्नाच्या बळावर चालत होती तो प्रश्न लेखकाच्या नकळत सुटून गेलेला असतो. हे जवळून पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. समजा, कादंबरी एका भावाबहिणीची आहे. दोघे बरीच वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत, आणि वडील गेल्यानंतर त्यांचे घर आवरण्यासाठी त्यांना एकत्र यावे लागले आहे. पहिल्या खर्ड्यात तो प्रसंग असा उतरतो:

‘दार उघडताच तिला बालपणीचा ओळखीचा वास आला. घरातल्या प्रत्येक वस्तूत बाबांची आठवण होती. तिचे डोळे भरून आले. भावाने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.’

यातली पहिली तीन वाक्ये गुळगुळीत आहेत, परंतु त्यांनी कादंबरी बुडत नाही. असली वाक्ये पुनर्लेखनात सहज बदलता येतात. नुकसान करते ते चौथे वाक्य. ही दोघे पुन्हा बोलतील का, हा कादंबरीचा मूळ प्रश्न, आणि भावाचा हात खांद्यावर पडताच त्याचे उत्तर देऊन झाले. अजून दोनशे पाने लिहायची आहेत आणि त्या पानांत शिरण्याचे कारणच उरलेले नाही. लेखकाला हे उमगलेले नसते. पुढची प्रकरणे तो आठवणींनी भरू लागतो. या कपाटाची आठवण, त्या अंगणाची आठवण. आठवणीला विरोध करणारे कोणी नसते, त्यामुळे ती कितीही लांबवता येते, आणि तिसऱ्या आठवणीच्या सुमारास फाइल उघडणे जिवावर येऊ लागते. तोच प्रसंग दुसऱ्या रीतीने:

‘ती पोहोचली तेव्हा तो आधीच आलेला होता. कपाटांवर, खुर्च्यांवर, भिंतीवरच्या घड्याळावर त्याने कागदाचे चौकोनी तुकडे चिकटवले होते, काही पिवळे, काही निळे. “निळे तुझे,” तो म्हणाला. तिने घरभर एक फेरी मारली. आईच्या शिवणयंत्रावर पिवळा कागद होता. ती तिथे थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, “डिंक कुठला वापरलास? नंतर निघेल ना?”’

इथे कोणाचे डोळे भरून आलेले नाहीत आणि वडिलांचा उल्लेखही नाही. मात्र भावाला शिवणयंत्र कशासाठी हवे आहे, हा एक प्रश्न उभा राहिला आहे आणि बहिणीने तो विचारलेला नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की याचे उत्तर कदाचित लेखकालाही ठाऊक नाही. उद्या सकाळी त्याला टेबलाशी आणून बसवणारी ओढ ती हीच. प्रेम हा शब्द आपण या ओढीसाठी वापरतो, आणि ती बहुतांशी कुतूहलाची बनलेली असते, हे एकदा मान्य केले म्हणजे दुरुस्ती कुठे करायची हेही कळू लागते.

तपासणीची रीत सोपी आहे. शेवटच्या तीस पानांतल्या प्रत्येक प्रसंगापुढे एक ओळ लिहावी: हा प्रसंग संपताना कोणती गोष्ट अजून कळायची राहिली आहे आणि ती कळावी असे मला वाटते का? लागोपाठ दोन प्रसंगांपुढे ही ओळ लिहिता आली नाही तर बिघाड तिथे आहे. अशा वेळी हात पहिल्यांदा वळतो तो नव्या घटनेकडे: एखादा अपघात, जुने पत्र, अचानक आलेला पाहुणा. त्याने एक-दोन प्रकरणे निघतात, पण मूळ प्रश्न मेलेलाच राहतो आणि दोन प्रकरणांनंतर नवा अपघात शोधावा लागतो. दुरुस्ती करायची ती फार लवकर दिलेले उत्तर परत घेऊन. खांद्यावरचा हात काढून घ्यायचा. त्यापुढची चाळीस पाने त्या हाताच्या भरवशावर लिहिलेली असतात आणि तीही बहुतेक जातात, हे खरे दुखणे आहे. अनेक जण ही पाने वाचवण्यासाठी महिनोन्महिने धडपडतात आणि त्या धडपडीला ‘प्रेम उरले नाही’ असे म्हणतात. पाने पुसून टाकण्याची गरज नाही. ती वेगळ्या फाइलमध्ये हलवावीत, तिला नीट नाव द्यावे. त्यातली दोन-तीन वाक्ये पुढे कुठेतरी कामी येतात. बाकीची कोणाला आठवतही नाहीत.

प्रश्न जिवंत असून पाने मेलेली

कधी कधी प्रश्न शाबूत असतो, तरीही पान हलत नाही. तिथे उभे राहण्याची जागा चुकलेली असण्याचा संभव असतो. टॉलस्टॉयने ‘वॉर अँड पीस’साठी आरंभी योजिलेला नायक रशियातल्या झारविरोधी १८२५च्या उठावात भाग घेतल्यामुळे सायबेरियात हद्दपार झालेला आणि १८५६मध्ये घरी परतणारा म्हातारा होता. हा माणूस समजून घ्यायचा तर त्याचे १८२५ साल समजायला हवे, त्यासाठी त्याचे तारुण्य म्हणजे १८१२ साल, आणि त्याहीसाठी १८०५, असे करत टॉलस्टॉय मागे सरकत गेला. जी कादंबरी १८६९मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाली तिची सुरुवात १८०५ सालात होते आणि मूळ योजनेतला तो परतणारा म्हातारा तिच्यात अवतरतच नाही. पान मेलेले वाटत असेल तर आपले खरे कुतूहल या प्रसंगात आहे की त्याच्या आधी घडून गेलेल्या एखाद्या गोष्टीत, हे विचारून पाहावे. पात्रे सारखी भूतकाळाबद्दल बोलत असतील तर उत्तर बहुधा त्यांनीच दिलेले असते.

निवेदकाचेही तसेच. ज्याला त्या प्रसंगात काहीही गमवायचे नाही अशा माणसाच्या नजरेतून प्रसंग सांगितला जात असेल तर तो कितीही नीटस लिहिला तरी थंडच राहतो. याची परीक्षा घेण्यासाठी संपूर्ण कादंबरी नव्याने लिहायला घेऊ नये. एकच पान दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहून पाहावे. दोस्तोयेव्हस्कीने १८६७च्या अखेरीस ‘इडियट’चा बराचसा लिहिलेला मजकूर टाकून दिला आणि नव्याने मांडणी केली; जानेवारी १८६८पासून ती कादंबरी मासिकात क्रमशः येऊ लागली. ही हकीकत ऐकून सगळे फाडून टाकण्याचा जोर येतो खरा, पण तिच्यातला एक तपशील विसरू नये: सर्वांगसुंदर मनाचा माणूस कादंबरीत उभा करणे ही कल्पना त्याला बऱ्याच काळापासून खुणावत होती. जे टाकले त्याच्या जागी काय उभे करायचे याचा ठाव लागला होता. तो लागलेला नसताना टाकून देणे म्हणजे नुसता वैताग काढणे होय.

लहानसहान बिघाड

काही कारणे इतकी परिचित आहेत की ती नावानिशी सांगितली तरी पुरे. पहिले प्रकरण पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्याला कादंबरीचा कंटाळा आलेला नसतो, पहिल्या प्रकरणाचा आलेला असतो. शेवटचे प्रकरण होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, एवढाच त्यावर उपाय. कथानक मित्रमंडळींना रंगवून सांगण्याची सवय असेल तर सांगण्याचा आनंद मिळून गेलेला असतो आणि लिहिण्यासाठी नुसती मजुरी उरते. अशांनी कादंबरी कशाविषयी आहे असे कोणी विचारल्यास एका वाक्यात उत्तर देऊन विषय बदलावा. संदर्भ जमवण्यात महिने जात असतील तर लिहिताना जिथे माहिती अडेल तिथे कंसात ‘शोधणे’ असे लिहून पुढे जावे. असे कंस शंभरावर गेले तरी हरकत नाही, त्यांतले निम्मे पुढे अनावश्यक ठरतात.

नवी कादंबरी सुचणे हे मात्र जरा सविस्तर पाहण्यासारखे प्रकरण आहे. जुनी अडली की नवी सुचते, आणि ती नेहमी अधिक चांगली वाटते. वाटणारच, ती अजून कल्पनेतली असते. तिच्यावर बंदी घालू नये. वेगळी वही करून सुचलेले त्यात लिहावे, पण तिचे एकही प्रत्यक्ष पान लिहू नये. काही काळाने वही वाचताना एक गमतीदार गोष्ट दिसते. नव्या कादंबरीत ज्या गोष्टीची ओढ वाटली होती, समजा एखाद्या म्हातारीचा तिरकस विनोद, किंवा एका रात्रीत सगळे घडण्याची घाई, ती नेमकी जुनीत नसलेली गोष्ट असते. नवी कादंबरी हा पुष्कळदा जुनीविषयीचा तक्रार-अर्ज असतो. मागितलेली गोष्ट जुनीला देता येते का, हे आधी पाहावे. भावाबहिणीच्या त्या सुतकी कादंबरीत शेजारची एक तिरकस म्हातारी बसली तर कोणाचे बिघडते?

संपर्क तुटू न देणे

आतापर्यंतची कारणे मजकुरातली होती. एक कारण मजकुराबाहेरचे आहे, आणि ते म्हणजे खाडा. बरेच दिवस न उघडलेल्या कादंबरीत परत शिरणे कठीण जाते. कोणाला काय ठाऊक आहे, कोणाचा राग कोणावर आहे, वाक्यांची लय काय होती, हे सगळे विसरायला होते आणि त्या परकेपणालाच आपण नावड समजतो. यावर रोज अमुक इतके शब्द लिहिण्याचा नेम सुचवला जातो. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द या गतीने लिहीत असे, हे त्यानेच नोंदवून ठेवले आहे. ज्यांना हा नेम मानवतो त्यांनी तो जरूर पाळावा, परंतु अडलेल्या कादंबरीवर तो लादला की मेलेल्या प्रसंगांचीच पाने वाढतात. अशा काळात शब्दसंख्येपेक्षा स्पर्श महत्त्वाचा. रोज फाइल उघडावी, आदल्या दिवशीचे पान मोठ्याने वाचावे, एखादा शब्द बदलावासा वाटला तर बदलावा आणि उठावे. चालू प्रसंगात पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचे लेखन थांबवावे, हा हेमिंग्वेचा सल्ला प्रसिद्ध आहे, आणि तो याच कारणाने उपयोगी आहे: दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावे लागत नाही.

या बाबतीत अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकची रीत मला सर्वांत जास्त पटते. १९५१मध्ये ‘ईस्ट ऑफ ईडन’ लिहिताना तो मोठ्या वहीच्या डाव्या पानांवर आपल्या संपादकाला उद्देशून पत्र लिहीत असे आणि कादंबरीचा मजकूर उजव्या पानांवर. पत्रात हवापाणी असे, पेन्सिलींविषयीच्या तक्रारी असत, आज कोणता प्रसंग लिहायचा आहे आणि त्याची धास्ती का वाटते हेही असे. त्याआधी १९३८मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ लिहितानाही त्याने रोजनिशी ठेवली होती आणि ती स्वतःच्या कुवतीविषयीच्या शंकांनी भरलेली आहे. नावडीला, शंकेला आणि कुरकुरीला वहीत त्यांची जागा दिलेली असली म्हणजे त्या उजव्या पानावर सांडत नाहीत. डाव्या पानाचा आणखी एक फायदा असा की महिन्याभराने ते सलग वाचले तर कोणत्या दिवशी काय अडले होते याची आयती नोंद मिळते, आणि तीच अडचण कितव्यांदा येते आहे हेही दिसते.

कष्ट आणि कंटाळा यांत गल्लत

सगळीच नकोशी वाटणारी पाने बिघडलेली नसतात. ‘मादाम बोव्हारी’ लिहायला फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरला १८५१ ते १८५६ अशी जवळजवळ पाच वर्षे लागली. त्यातल्या कृषिप्रदर्शनाच्या एका प्रसंगाने १८५३चे कित्येक महिने खाल्ले, आणि त्या काळातली आपली प्रेयसी लुईझ कोले हिला लिहिलेली त्याची पत्रे कुरकुरीने भरलेली आहेत. त्या प्रसंगात व्यासपीठावरची पोकळ भाषणे आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीतले प्रेमाचे बोलणे आलटून पालटून येते. असे काही साधायचे तर महिने लागणारच. दोन अवस्थांतला फरक ओळखण्याची माझी कसोटी अशी: अवघड प्रसंगात वाक्ये येत नाहीत, आलेली पुन्हा पुन्हा खोडली जातात, पण उठल्यावरही तो प्रसंग डोक्यातून जात नाही. मेलेल्या प्रसंगात वाक्ये भराभर येतात, खोडावीशी वाटत नाहीत, आणि टेबलावरून उठताक्षणी प्रसंग विस्मरणात जातो. पहिल्या अवस्थेत टिकून राहावे. दुसरीत, कितीही पाने होत असली तरी थांबावे आणि मागे जाऊन प्रश्न शोधावा.

बाजूला ठेवायची झाल्यास

एवढे करूनही कादंबरी हलत नसेल तर ती बाजूला ठेवण्यात कमीपणा नाही, पण ठेवण्याची रीत असावी. नुसता खाडा पडत पडत सुटलेली कादंबरी मनात अपराधासारखी राहते आणि पुढच्या लेखनालाही त्रास देते. ती बाजूला ठेवतो आहोत असे ठरवून, तारीख घालून, शेवटच्या पानाला एक चिठ्ठी जोडावी. तिच्यात कुठे थांबलो, पुढच्या प्रसंगाविषयी आज काय ठाऊक आहे, कोणता प्रश्न अजून उघडा आहे, कोणती पाने खोटी वाटतात आणि न ठरवता आलेल्या गोष्टींपैकी कोणत्या कोणत्याही परिस्थितीत राखायच्या, एवढे लिहावे. परत कधी उघडायची तेही लिहावे. दोन-चार महिन्यांचे अंतर पुष्कळ होते, त्याहून कमी ठेवले तर आपलीच वाक्ये पाठ असतात आणि वाचन होत नाही.

ठरलेल्या दिवशी उघडल्यावर चिठ्ठी आधी वाचू नये. शेवटची तीस पाने पेन्सिल घेऊन वाचावीत, समासात रेघा माराव्यात, आणि मगच चिठ्ठी काढून ताडून पाहावी. दोन्हींत एकाच जागेवर बोट पडले असेल तर दुरुस्ती तिथून सुरू करावी. जागा वेगळी निघाली तर आजच्या रेघांवर विश्वास ठेवावा, कारण चिठ्ठी लिहिणारा तेव्हा दमलेला होता.